कुलपाला दुसरा नंबर

थोरल्यांनी कारखान्याची किल्ली खाली ठेवणार असल्याचं जाहीर करून नऊ दिवस झाले होते. त्या नऊ दिवसांत बटणांच्या कारखान्यात जेवढं काम व्हायला हवं होतं, त्याच्या निम्मंही झालं नाही. कुजबूज मात्र दुप्पट निघाली. आता सुट्टीचा दिवस उजाडला होता, यंत्रं थंड होती, आणि दुपारी धागे ओवायचे होते.

सगळ्यांत आनंदात होती ती आत्या. एकसष्ट वर्षांची ही बाई थोरल्यांची बहीण, रंगाच्या खोलीची मालकीण. नवरा याच खोलीतला रंगारी; तो गेल्यावर पातेली हिनं सांभाळली. नखं कायम निळी, आणि तोंड कायम चालू. तिच्या थापा घरात अशा मुरल्या होत्या की लहानपणी ऐकलेलं खरं कुठलं आणि आत्यानं घुसडलेलं कुठलं, हे कुणालाच सांगता येत नसे. एका माशाच्या पोटात आपल्या कारखान्याचं बटण निघालं, आणि माशानं ते लावलेलंही होतं, असं तिनं एकदा पाहुण्यांसमोर सांगितलं होतं. पाहुणे हसले तेव्हा तिनं माशाच्या कोटाचा रंगही सांगितला.

पण एक गोष्ट तिच्याबद्दल कुणाला माहीत नव्हती. धाग्यावर आत्या कधी खोटं बोलली नव्हती.

हा धागा म्हणजे तिच्या बाबांचं डोकं. कारखाना काढताना बाबांचं आणि त्यांच्या मोठ्या भावाचं असं वाजलं होतं की दोघांनी मधोमध भिंत घातली, आणि सहा महिन्यांनी ती भिंत फोडायला दोघंच पहारी घेऊन उभे राहिले. तेव्हा बाबांनी नियम केला. किल्ली कुणाकडे जायची ते घरच्यांनी बटणं ओवून ठरवायचं. प्रत्येक उमेदवाराचं एक बटण. धाग्याला खाली गाठ मारायची. सगळ्यांत वरच्या बटणाला दोन गुण, मधल्याला एक, गाठीवर बसलेल्याला काही नाही. बेरीज ज्याची जास्त, किल्ली त्याची. बरोबरी झाली तर वयानं लहान असेल त्याची, कारण बाबा स्वतः धाकटे होते आणि नियम तेच लिहीत होते.

आणि प्रत्येक वेळी एक उमेदवार ठरलेला: कुलूप. त्याचं शिंगाचं काळं बटण. कारखाना बंद करून जागा विकायची, असा त्याचा अर्थ. कुलूपही आपल्याच घरचं आहे, त्यालाही उभं राहायचा हक्क द्या, असं बाबा म्हणायचे. कुलूप त्या घरात सगळ्यांपेक्षा म्हातारं होतं आणि आजवर एकदाही गाठीवरून हललं नव्हतं.

या खेपेला त्याच्याशिवाय दोघं होते. थोरल्यांची मुलगी साचे कोरायची. बोटाएवढ्या साच्यात पाकळ्यांच्या शिरा काढायची. तिचं बटण शिंपल्याचं. दुसरा आत्याचा मुलगा. नमुन्यांची पेटी घेऊन तो गावोगाव हिंडायचा, म्हणून त्याला सगळे फिरता म्हणत. त्याचं बटण पितळी. आणि त्यानं आईला एकटीला एक सांगून ठेवलं होतं: किल्ली मिळाली नाही तर तो पँटला लावायच्या चेन बनवणाऱ्या कंपनीत जाणार. पत्र आलेलं होतं. दूरचं शहर, वर्षातून एकदा घरी. बटणवाल्याच्या पोरानं चेन विकायची, हे ऐकून आत्याच्या हातातलं पातेलं कलंडलं होतं, आणि त्या दिवसापासून रंगखोलीतली मांजर निम्मी निळी होती.

सकाळी पहिला तोच आला. दार लोटून घेतलं, पिंपावर बसला आणि म्हणाला, "आई, नीट ऐक. वर पितळ, मध्ये कुलूप, गाठीवर ताई."

"ताई गाठीवर?"

"मतानं नाही गं, हिशेबानं. ताई दुसरी आली की तिला एक गुण जातो. तो कशाला द्यायचा? कुलपाला दे. कुलपाला वर कोण घालणारे? त्याला दुसरा नंबर फुकटच मिळतोय, मिळू दे."

आत्यानं विचारलं, कुलूप आणि ताई यांत त्याला खरं कोण बरं वाटतं. तो म्हणाला, अर्थात ताई, कारखाना विकून काय करायचंय. पण मत देताना मनातलं सांगायचं नसतं, असंही वर म्हणाला आणि शीळ घालत गेला.

त्याची शीळ विरायच्या आत भाची आली. तिचा आवाज हळू, पण बेत तोच. वर शिंपला, मध्ये कुलूप, गाठीवर पितळ. भाऊ वाईट नाही, आत्या, आपल्या हाताखाली तर सोनं आहे. पण त्याला दुसरा घातला तर तो एका गुणानं पुढं जाईल, आणि मग सगळे साचे मोडून तो स्वस्तातली बटणं पाडेल. हे बोलताना ती साच्यातली धूळ फुंकत होती. आत्याला वाटलं, ही दोन पोरं एकाच भांड्यात उकळून काढल्यासारखी आहेत.

मग निवडीच्या खोलीतून वहिनी आली. मधला भाऊ गेल्यापासून ही एकटीच चाळणीपुढं बसून बटणं निवडायची. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्हाला सांगते, कुणाला बोलू नका. मी कुलूप वर घालणारे."

आत्याला हसू आलं. तिला वाटलं, आज आपली जागा वहिनीनं घेतली. पण वहिनीच्या पापण्या लाल होत्या. चार भोकांतलं एक चुकलेलं असेल तर मला दिसत नाही आता, ती म्हणाली. बोट फिरवून ओळखते. मला सांगायची लाज वाटते. बंद झालं म्हणजे सुटले. त्याखाली शिंपला, कारण पोरगी निदान विचारते तरी, काकू, चहा घेतलास का.

शेवटी थोरले. कधी नव्हे ते बहिणीच्या खोलीत आले, पातेल्यात डोकावले, आणि खोकून म्हणाले की तीस वर्षं ही किल्ली कमरेला होती, तिचं वजन कुणाला कळणार नाही. पोरीच्या कमरेला ती बांधायला त्यांचा हात धजत नव्हता. तेही कुलूप वर घालणार होते. पोरगी दुसरी. "पण तिला कळता कामा नये, काय. तू बोललीस तरी कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणा. म्हणून तर तुला सांगतोय."

चौघं गेले, आणि आत्यानं पांढऱ्या फडक्यावर निळ्या रंगाचे ठिपके टाकायला घेतले. दादाचे कुलपाला दोन. वहिनीचे दोन. भाचीचा एक. पोराचा एक. सहा. शिंपल्याला चार. पितळेला दोन, तेही पोराचे स्वतःचेच.

तिनं ठिपके पुन्हा मोजले. मग फडकं उलटं करून मोजले. घरात फक्त दोन दमलेल्या माणसांना नको असलेला कारखाना दोन हुशार पोरं मिळून बंद करणार होती, आणि दोघांपैकी कुणालाही तो बंद व्हायला नको होता. तिनं स्वतः खरं ओवलं, म्हणजे पोरगा वर, भाची मध्ये, कुलूप गाठीवर, तरी शिंपला पाचावर थांबत होता आणि कुलूप सहावर. भाचीला वर चढवून पोराला मध्ये आणलं असतं तर सहा-सहा बरोबरी होऊन भाची लहान म्हणून वाचली असती. पण ती धाग्यावरची थाप झाली असती, आणि तीही पोटच्या पोराला खाली ढकलून. तिनं फडकं चुरगाळून कमरेला खोचलं. त्याच वेळी छातीत मजाही वाटायला लागली, कारण इतक्या वर्षांत प्रथमच तिच्याकडे कुणाकडेही नसलेली खरी बातमी होती.

ती धावत पोराकडे गेली. तो पेटीतली पितळी बटणं घासत होता. तिनं धापा टाकत सांगितलं, मामा आणि मामी दोघंही कुलूप वर घालणार आहेत. पोरगा घासता घासता म्हणाला, आणि मासा कोट घालून मतदानाला येणार आहे ना. ती भाचीकडे गेली. भाचीनं तिचे गाल धरले, आत्या, तू आहेस म्हणून हे घर चालतं, म्हणाली आणि पुन्हा साच्यावर वाकली.

आत्या अंगणात उभी राहिली. जन्मभर खोटं बोलून लोकांना पटवलं आणि आज खरं खपेना. बरं, रागावणार कुणावर? हा माल तिनंच इतकी वर्षं बाजारात आणला होता.

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खरं खपत नसेल तर ठेवणीतलं काढू. फक्त यात मासा नको, राजा नको, निळी मांजर नको. साधी, कोरी, बिनशेपटाची थाप.

ती परत पोराकडे गेली. या वेळी चालत. पिंपावर बसली आणि हात मांडीवर ठेवले.

"मी कुलूप वर घालणारे," ती म्हणाली.

पोरगा हसायला लागला आणि मध्येच थांबला. तिनं पुढं काहीच सांगितलं नव्हतं. कारण नाही, किस्सा नाही, रडणं नाही. आई अशी बोललेली त्यानं एकदाच ऐकली होती, वडील गेले त्या सकाळी.

"का?"

"दमले."

तो बोटांवर मोजायला लागला, आणि आत्याला ते बघून गुदगुल्या होत होत्या. आईचे दोन. माझा एक. ताईसुद्धा माझ्यासारखीच हुशार, म्हणजे तिचा एक. मामा मला दुसरा घालणार नाहीत, त्यांचा एक. मामीचा एक. त्याचं बोट सहावर अडकलं आणि चेहरा उतरला. "आई, कुलूप निवडून येईल." आत्या म्हणाली, येऊ दे. तो उठला, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, आणि शेवटी पुटपुटला की मग ताईला दुसरी घातलेली बरी.

भाचीकडे एवढाही वेळ लागला नाही. तिनं मोजलं नाही. आत्याच्या निळ्या हातांकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि म्हणाली, तू थकलीस हे आमच्या लक्षातच आलं नाही. भावाला दुसरा घालते, पण कुलूप नको. आत्याला त्या क्षणी खरं सांगून टाकावंसं वाटलं. तिनं जीभ चावली.

दुपारी सगळे निवडीच्या खोलीत जमले. लांब टेबलाच्या कडा बटणं घरंगळू नयेत म्हणून उंच केलेल्या. त्यावर तीन वाट्यांत बटणं, पांढरी, पिवळी, काळी. कोपऱ्यात पॉलिशचं छोटं लाकडी पिंप. नियमाप्रमाणे एकेकानं पडद्यामागं जाऊन धागा ओवायचा आणि पिंपात टाकायचा. शेवटी पिंप तीनदा फिरवायचं, म्हणजे कुणाचा कुठला ते कळू नये. हा आपला शिष्टाचार. प्रत्येकाची गाठ प्रत्येकाला ठाऊक होती, आणि आत्याच्या धाग्यावर तर निळा ठसा हमखास. तिचे ओले हात बाकीचे धागे डागाळू नयेत म्हणून तिचा नंबर बाबांच्या काळापासून शेवटचा.

पडद्यामागून बाहेर येताना पोरानं आईकडे पाहून डोळे मिचकावले: सांगितलं तसं केलं. भाचीनंही हात दाबला. आत्या आत गेली.

धागा हातात घेतला आणि तिला आठवलं, आता ठिपके बदललेत. तिनं मनात मोजलं. शिंपला, तिच्या धाग्याशिवाय, पाच. कुलूप चार. पितळ तीन. खरं ओवलं तर भाची सहा, पोरगा पाच. आणि पोरानं सकाळी सांगितलं तसं ओवलं तर, वर पितळ, मध्ये कुलूप, गाठीवर शिंपला? पाच, पाच, पाच. तिघांची बरोबरी. किल्ली सगळ्यांत लहान असेल त्याची. पोरगा ताईपेक्षा दोन वर्षांनी लहान. आणि कुलूप तर म्हाताऱ्यांचं म्हातारं.

आता कुलपाची भीती नव्हती. कुणाचं काही बुडत नव्हतं. एक काळं बटण मध्ये घातलं की पोरगा घरात राहत होता. चेनवाल्यांचं पत्र फाटत होतं. संध्याकाळी पेटी आदळत तो ओरडणार होता, आई, भूक. एक बटण. ते तिनं उचललंही.

तिनं काळ्या बटणाकडे पाहिलं. मध्ये घालायचं म्हणजे धाग्यावर म्हणायचं की भाचीपेक्षा कुलूप बरं. ज्या पोरीच्या साच्यातल्या पाकळीला रंग द्यायला तिनं स्वतः मांजराच्या मिशीची कुंचली केली होती, ती कुलपाखाली. तोंडानं ती असलं शंभरदा बोलली असती, आणि दुसऱ्या दिवशी हसून मोकळी झाली असती. तोंडाचं सगळ्यांना माहीत होतं. धागा काहीच माहीत नसलेल्या माणसासारखा समोर लोंबत होता.

बाहेरून थोरल्यांनी विचारलं की आत झोप लागली की काय.

आत्यानं गाठ मारली, ओवलं, आणि निळा हात पिंपात घातला.

पिंप तीनदा फिरलं. थोरले धागे काढून भिंतीवरच्या खिळ्यांना लावू लागले, वहिनी बोटांनी चाचपून सांगू लागली, कारण तिला दिसत नव्हतं, आणि ते आत्याशिवाय अजून कुणाला माहीत नव्हतं.

पहिला धागा: कुलूप, शिंपला, पितळ. पोरानं आईकडे पाहिलं. आलंच तुझं, अशा अर्थी. दुसरा धागा: कुलूप, शिंपला, पितळ. आता भाचीनं पाहिलं, मग पोरानं, मग दोघांनी एकमेकांकडे. कुलपाचे चार झाले होते, आणि एकाही धाग्यावर निळा ठसा नव्हता.

"आत्या," भाची हळूच म्हणाली, "सकाळी तू जे सांगितलंस…"

"मासा सोडून सगळं खरं होतं," आत्या म्हणाली.

थोरले छताकडे बघायला लागले. वहिनीनं पदर सारखा केला.

तिसरा धागा: शिंपला, पितळ, कुलूप. चौथा: पितळ, शिंपला, कुलूप. शिंपला पाच, कुलूप चार, पितळ तीन. पिंपात आत्याचा एकच धागा उरला. आणि आत्यानं तर दोघांनाही सांगितलं होतं, मी कुलूप वर घालणारे. चार आणि दोन सहा. पोरगा उभा राहिला. भाचीनं टेबलाची कड इतकी घट्ट धरली की काठावरची दोन बटणं खाली उडाली आणि घरंगळत पार दारापर्यंत गेली.

थोरल्यांनी धागा वर काढला. त्याला अंगठ्याएवढा निळा डाग होता. वहिनीचं बोट वरून खाली आलं, थांबलं, पुन्हा वर गेलं.

"पितळ," ती म्हणाली. "शिंपला. कुलूप गाठीवर."

क्षणभर कुणाला बेरीजच येईना. मग भाचीनं तोंडावर हात घेतला. थोरल्यांनी कमरेची किल्ली सोडायला घेतली. गाठ तीस वर्षांची, सुटेना, शेवटी साचे कोरायच्या सुरीनं नाडी कापावी लागली. किल्ली हातात आल्या आल्या भाचीनं पहिलं काय केलं, तर वहिनीला चाळणीच्या कामातून सोडवलं. "काकू, तू डोळ्यांनी वाचतच नव्हतीस. उद्यापासून निवड दुसरं कुणी करेल, तू फक्त बोट फिरवून चुकलेलं काढायचं. तेवढं नेमकं इथं कुणालाच जमत नाही." वहिनी रडायला लागली आणि थोरले तिला पाणी आणायला गेले, जे त्यांनी आयुष्यात कुणाला आणून दिलं नव्हतं.

या गडबडीत पोरगा भिंतीशी उभा होता. त्याची बोटं हलत होती. आत्यानं ते पाहिलं. तिचा पोरगा हिशेबात कच्चा नव्हता. तो तिच्या धाग्यावरचं मधलं आणि शेवटचं बटण मनातल्या मनात बदलून बघत होता.

तो तिच्याजवळ आला. "पाच, पाच, पाच," म्हणाला. "किल्ली माझी होती. तुला माहीत होतं?"

आत्यानं तोंड उघडलं. तयार होतं सगळं: आत अंधार होता, बटणं निसटली, बाबांचा आवाज आला, निळ्या मांजरीनं पायात येऊन हात हलवला. मांजरीचं तर चांगलं जमलं असतं.

"होतं," ती म्हणाली.

पोरानं त्या निळ्या ठशाकडे पाहिलं. मग खिळ्यावरचा चौथा धागा, स्वतःचा, त्यानं बोटानं हलवला. पितळ, शिंपला, कुलूप. तो त्यानं सकाळच्या बेताप्रमाणे ओवला असता, तरी पाच, पाच, पाच होऊन किल्ली त्याचीच झाली असती. तेही त्यानं मोजलं असावं, कारण एकदम त्याला हसू फुटलं.

"आयुष्यात एकदाच खरं ओवलं," तो म्हणाला, "तेही तुझ्या थापेनं."

"जाणार आहेस?" आत्यानं विचारलं.

त्यानं खिशातून चेनवाल्यांचं पत्र काढलं. घडी उघडली, पुन्हा घातली. पलीकडे ताई किल्ली घेऊन सगळ्या खोल्यांची दारं उघडत सुटली होती, उघडीच असलेलीसुद्धा.

"वर मी, खाली ताई, त्याखाली कुलूप," तो धाग्याकडे बघत म्हणाला. "चेन धाग्यावर नव्हतीच की."

मग त्यानं नमुन्यांच्या पेटीतून कागद काढला, पेन्सिल काढली आणि पिंप उलटं करून त्यावर बसला. "नाही म्हणून कळवायचंय. पण कारण भक्कम पाहिजे. तू सांग, मी लिहितो."

आत्यानं नाक पुसलं. नाकाला निळा रंग लागला. तिनं खुर्ची ओढली, पदर खोचला आणि घसा साफ केला.

"लिही," ती म्हणाली. "आमच्याकडे एक मासा आहे."